बसथांब्यामागची खपली

धाकटीला नवी प्रजाती सापडली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी तिचं अभिनंदन केलं. आधी करावंच लागलं, कारण मागे राहिले असते तर माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचायला लोकांना वेळ मिळाला असता. मिठी मारली, पाठ थोपटली आणि हात धुवायच्या निमित्ताने बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून पाच मिनिटं उभी राहिले. पोटात दुखणं म्हणजे काय ते मला नव्याने कळायचं नव्हतं. ती जन्मली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि आता ती बत्तीस वर्षांची आहे. म्हणजे दुखणं तसं जुनंच.

आम्ही दोघी एकाच ठिकाणी नोकरी करतो. वनस्पतींचे नमुने जपून ठेवणारं संग्रहालय आहे आमचं. लांबच लांब खोल्या, छताला भिडलेली लोखंडी कपाटं आणि सगळीकडे कीड मारायच्या औषधाचा वास. मी एकवीस वर्षांपासून कायम, ती तीन वर्षांपासून हंगामी. माझं काम लक्षणं लिहिण्याचं. कोणी नवं काही आणलं की ते दिसतं कसं, केवढं आहे, कापलं की आत काय निघतं, हे अशा शब्दांत मांडायचं की जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला नुसतं वाचून ते ओळखता यावं.

त्यातही माझ्या वाट्याला आली शैवाकं. शैवाक म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार; बुरशीने घर बांधायचं, शेवाळाने रांधायचं. काही शैवाकं पानांसारखी वाढतात, काही झुडपांसारखी, ती दिसायला तरी बरी असतात. मी बघते ती खपलीची जात. ही दगडाला अशी बिलगलेली असते की नखाने सुटत नाही, ब्लेडने सुटत नाही. हवी असेल तर छिन्नीने दगडाचाच टवका उडवून आणावा लागतो. लोकांना ते भिंतीवरचे डाग वाटतात. आई तर शेजारणींना सरळ सांगते की थोरली डागांच्या ऑफिसात आहे.

एकवीस वर्षांत मी एकेचाळीस नव्या प्रजातींची लक्षणं लिहिली. त्यातली एकही मला सापडलेली नव्हती. शोधणाऱ्याचं नाव प्रजातीच्या मागे कायमचं लागतं. लिहिणारीचे आभार शेवटच्या ओळीत मानतात, तेही पानावर जागा उरली तर.

आणि धाकटीला ते कुठे सापडलं? डोंगरात नाही, जंगलात नाही. संग्रहालयासमोरच्या बसथांब्यामागे एक दगडी भिंत आहे, तिच्यावर. त्या थांब्यावर मी एकवीस वर्षं रोज संध्याकाळी बसची वाट बघत उभी राहते. पाय दुखले की त्याच भिंतीला पाठ टेकते. धाकटीची एक बस चुकली, दुसरी यायला वेळ होता, तिने सहज वळून भिंग डोळ्याला लावलं आणि झालं. एकवीस वर्षं ती प्रजाती माझ्या पाठीला घासत होती, आणि हिला ती दहा मिनिटांत दिसली.

लहानपणी आईचं कानातलं हरवलं होतं. मी दोन तास घर झाडून काढलं, पलंगाखाली शिरले, गुडघे सोलून घेतले. चार वर्षांची धाकटी रांगोळीची डबी उपडी करायला गेली आणि कानातलं तिच्या हातात आलं. “धाकटीची नजरच वेगळी,” हे आई तेव्हापासून म्हणते आहे. प्रजातीची बातमी ऐकल्यावरही तिने नेमकं तेच म्हटलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, की तूही तिथेच उभी असतेस ना गं.

मॅडम आमच्या प्रमुख. त्यांनी टवका माझ्या टेबलावर ठेवला आणि बुधवारच्या बैठकीपर्यंत लक्षणं हवीत म्हणून सांगितलं. घाईचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. संग्रहालयात एक कायम जागा निघाली होती, तिच्यासाठी मॅडमना शुक्रवारी पाचच्या आत एका नावाची शिफारस पाठवायची होती. नवी प्रजाती खरी ठरली तर ते नाव धाकटीचं. नाही ठरली तर बाहेरचा एक उमेदवार होता, गोगलगायींवर काम केलेला, आणि धाकटीची हंगामी मुदत महिनाअखेर संपत होती. मग तिला आमच्या शहरात तरी हे काम मिळणार नव्हतं.

टवका तळहाताएवढा होता. वरची खपली राखाडी, किंचित हिरवट, कागदाहून जाड नसेल. तिला बारीक बारीक भेगा गेलेल्या, सुकलेल्या तळ्यातल्या चिखलाला जातात तशा, आणि भेगांमधल्या प्रत्येक तुकड्यावर काळ्या चकत्या. या चकत्या म्हणजे बुरशीची फळं. त्यात बीजाणू तयार होतात. चकत्या खपलीत अर्ध्या रुतलेल्या, त्यांच्यावर पिठूळ पांढरा थर, कडा जरा वर आलेल्या. सुंदर होतं ते. एवढं सुंदर खपलीशैवाक मी दोन-तीनदाच पाहिलं असेन, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आमच्यात एक शिस्त आहे. टवक्याला ब्लेड लावायच्या आधी भिंगाखाली त्याचा नकाशा काढायचा. कारण दगडावर एकच खपली क्वचितच असते. दोन जाती शेजारी वाढतात, एकमेकींना भिडतात, आणि भिडतात तिथे केसाएवढी काळी रेषा उमटते. रेषेच्या अलीकडे एक घर, पलीकडे दुसरं. रंग सारखा, भेगा सारख्या, आणि रेषा धुळीत बुजलेली असली की भल्याभल्यांची फसगत होते. म्हणून आधी नकाशा, मग ब्लेड. धाकटी नवीन असताना हे मीच तिला शिकवलं होतं, आणि एकदा तिने आळस केला तेव्हा तिला सगळ्यांसमोर झापलंही होतं.

त्या दिवशी मी नकाशा काढला नाही. का काढला नाही, ते स्पष्टच सांगते. मला तो टवका तेवढा वेळ डोळ्यांसमोर नको होता. उजव्या कोपऱ्यातल्या चकत्या मोठ्या होत्या, कापायला सोप्या. तिथला तुकडा घेतला, त्याचे पातळ काप काढले आणि मायक्रोस्कोपखाली सरकवले.

बीजाणू रंगहीन निघाले, आणि एका खणाचे. नवी प्रजाती म्हणावी असं त्यात काही नव्हतं. हे तर तुमच्या-आमच्या भिंतींवर, कुंपणांवर, थडग्यांवर सगळीकडे असणारं जुनं शैवाक. धाकटीने लिहिलं होतं की पोटॅशचा, म्हणजे आमच्या तपासणीच्या रसायनाचा, थेंब टाकल्यावर खपली आधी पिवळी आणि मग लाल होते. मी त्याच कोपऱ्यावर थेंब टाकला. खपली ओली झाली, बाकी काही नाही. दुसरा टाकला, तरी नाही.

मला उकळ्या फुटल्या. दुसरा शब्द नाही त्याला. दार बंद करून मी खुर्चीवर एक गिरकी घेतली, या वयात. दोन दिवस हातात होते. सोमवारीच घरी जाऊन स्वयंपाकघरात तिला हळूच सांगता आलं असतं की, बाई गं, गडबड आहे, एकदा पुन्हा बघू. बहिणीने तेच केलं असतं. मी रविवारची राहिलेली इस्त्री केली, तिचेही कपडे केले, आणि एक अक्षर बोलले नाही.

बुधवारी बैठकीच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. मॅडम, आम्ही दोघी, गवतांवर काम करणारे गवतकाका, नेचेवाली आणि नोंदी ठेवणारे कारकून. मी पडद्यावर टवक्याचा फोटो दाखवला, कापलेली जागा दाखवली, बीजाणू दाखवले, आणि एकेक लक्षण सावकाश वाचलं. माझा आवाज छान लागला होता. शेवटी म्हटलं की प्रजाती नवी नाही, शंभर वर्षांपूर्वीच नोंदलेली आहे, आणि लाल रंगाचं म्हणाल तर हौसेच्या भरात माणसाला काहीही लाल दिसू शकतं. गवतकाका हसले. एकवीस वर्षांत माझं एकही वर्णन खोटं ठरलेलं नाही, त्यामुळे कोणी शंका काढायचा प्रश्नच नव्हता.

धाकटी फोटोकडे बघत होती. बराच वेळ बघितल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड अर्धवट उघडलं आणि मिटलं. मॅडमनी तिला विचारलं की पुन्हा एकदा तपासून घ्यायचं का, शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

“नको,” ती म्हणाली. “ताई म्हणतेय ना.”

घरी आईने काय झालं म्हणून विचारलं तेव्हाही तिनेच सांगितलं, अगदी हसत, की माझीच घाई झाली गं. आईने तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. म्हणजे जिंकले मी आणि लाड तिचे. त्या रात्रीचं जेवण मला गोड लागलं नाही, हे कबूल करते, पण ते पश्चात्तापाने नव्हे.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मी टवका कपाटात ठेवायला घेतला. कपाटात जाणाऱ्या प्रत्येक नमुन्यासोबत नकाशा लागतो. राहिलेला तो काढावा म्हणून ब्रशने धूळ झटकली आणि टवका भिंगाखाली धरला. डावीकडून सुरुवात केली. भेगा काढल्या, चकत्या काढल्या. तीन चतुर्थांश टवका झाला आणि माझी पेन्सिल थांबली. उजव्या कोपऱ्याच्या अलीकडून एक काळी रेषा गेली होती. केसाएवढी, वेडीवाकडी, आणि वरपासून खालपर्यंत कुठेही न तुटलेली. माझ्या ब्लेडची पांढरी खूण रेषेच्या पलीकडे होती.

मी शेजाऱ्याला कापलं होतं.

डावीकडची एक चकती कापली. बीजाणू तपकिरी, दोन खणांचे, मधे आवळल्यासारखे, एका पिशवीत आठ. पोटॅशचा थेंब टाकला. खपली पिवळी झाली. मी श्वास धरून बघत राहिले, आणि पिवळ्यातून कडेकडेने लाल चढत गेला, खरचटल्यावर रक्त येतं तसा, अगदी सावकाश. असं शैवाक कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

आता माझ्यासमोर एवढंच होतं: पाचच्या आत मॅडमकडे जायचं, की नाही जायचं. गेले तर धाकटी राहणार, कायमची, शेजारच्या टेबलावर, नावामागे प्रजाती घेऊन. आणि मी एकवीस वर्षांत पहिल्यांदा चुकलेली, तेही हंगामी मुलीलाही माफ नसलेली चूक करून. न गेले तर कुणाला कधी कळणार नव्हतं. त्या कपाटात अशी चारशे पाकिटं आहेत जी मी ठेवल्यापासून कोणी उघडलेली नाहीत.

अर्धा तास मी विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. मी पाकिटावर जुन्या प्रजातीचं नाव लिहिलं, तारीख टाकली, सही केली. नकाशाचा कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. पाकीट खणात ठेवून खण ढकलला आणि चहा घ्यायला गेले. चहा पूर्ण प्यायले, हेही सांगते.

साडेचारला धाकटी माझ्या खोलीत आली. तिच्या हातात खोका होता, महिनाअखेरची वाट न बघता टेबलावरचं सामान त्यात भरलेलं. खोका खाली ठेवून ती समोरच्या स्टुलावर बसली. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. आईच्या गोळ्या संपल्यात, येताना घ्यायच्या आहेत, वगैरे. मग तिने विचारलं, “ताई, माझ्या टवक्याचा नकाशा काढलास?”

“काढला.”

“मग?”

कपाट माझ्या पाठीमागे होतं. पर्स मांडीवर होती. “मग काय,” मी म्हटलं, “जुनंच आहे ते.”

तिने मान हलवली. खोका उचलला आणि दारापर्यंत गेली. तिथे ती थांबली, पण वळली नाही.

“मला बुधवारीच दिसलं होतं,” ती म्हणाली. “फोटोत. तू उजवा कोपरा कापला होतास. ती भिंत मी तीन दिवस बघत होते, ताई, तो कोपरा कुणाचा आहे ते मला माहीत होतं.”

मी विचारलं की मग तेव्हाच का नाही बोललीस.

“बोलणार होते. तोंड उघडलं होतं. पण तू इतकी खूश होतीस. आपल्या घरात मी तुला तसं कधीच पाहिलं नव्हतं, लहानपणापासून कधीच नाही. मग माझ्याच्याने बोलवेना. म्हटलं, शुक्रवारपर्यंत ताई नकाशा काढेल, तिला दिसेल, ती सांगेल.”

आणि ती गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणात मी तिला कधीही हरवते. मला चांगलं माहीत आहे की त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण लाजेच्याही आधी जे वाटलं ते असं की ही माझ्यापेक्षा चांगलीही आहे, म्हणजे तेही हिनेच घेतलं. मग मात्र मी बसू शकले नाही. खण ओढला, पाकीट काढलं, त्यावरचं माझं अक्षर बघितलं. एवढ्या सुबक अक्षरात मी आयुष्यात खोटं लिहिलं नव्हतं.

मॅडमच्या खोलीकडे मी पळत गेले. पायऱ्यांवर गवतकाका भेटले, त्यांना वाटलं आग लागली, ते मागून आले. त्यांना बघून नेचेवाली आली. मॅडमच्या टेबलावर शिफारशीचा कागद होता आणि टोपण काढलेलं पेन. कारकून शिफारशीसाठी लिफाफा घेऊन शेजारी उभे होते. पाचला सतरा मिनिटं कमी होती. मी टवका टेबलावर ठेवला, नकाशा उलगडला आणि सांगितलं. नकाशा काढला नव्हता, शेजाऱ्याला कापलं, बीजाणू चुकीचे दाखवले. दुपारी दोन वाजता कळलं आणि तरी पाकिटावर जुनं नाव लिहिलं, हेही सांगितलं. धाकटीला बोलवा, म्हटलं, ती बसथांब्यावर असेल. कारकून तिला घेऊन आले तेव्हा माझं सांगून व्हायचं होतं, आणि उरलेलं मी तिच्यासमोर सांगितलं.

सांगून झाल्यावर मी वाट बघत उभी राहिले. काय अपेक्षा होती कुणास ठाऊक. मॅडम तापतील, किंवा गवतकाका म्हणतील की एवढं कबूल करायला धैर्य लागतं; काहीतरी, जे माझ्याबद्दल असेल. मॅडमनी बाटली उघडून टवक्याच्या डाव्या बाजूवर पोटॅशचा थेंब टाकला. सगळे पुढे वाकले. पिवळा आला. नेचेवालीने गवतकाकांचा हात घट्ट धरला. मग लाल चढायला लागला आणि खोलीत कोणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. मॅडमनी नजर न हलवता हात लांब करून पेन ओढलं आणि कागदावर धाकटीचं नाव लिहिलं.

मी माझी एकवीस वर्षं टेबलावर ओतली होती, आणि तेव्हाही सगळे तिच्याच दगडाकडे बघत होते.

ती सोडून. धाकटी दाराशी खोका छातीशी धरून उभी होती. एवढ्या वर्षांनी तिची जागा लागत होती, तिची खपली तिथे लाल होत होती, आणि तिने तिकडे एकदाही पाहिलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी खूश आहे का ते.